घाटमाथ्यावरच्या घरातली चूल ठेवावी का, आणि ठेवायची तर कशी?

प्रश्न : वेण्णाकाठ

नमस्कार. महाबळेश्वर तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती जांभ्याच्या आहेत आणि लाकडी वाशांवर मंगलोरी कौले आहेत. तीस वर्षे पुण्यात नोकरी करून मी व पत्नी गेल्या दिवाळीपासून येथे कायमचे राहावयास आलो. आई मात्र या घरातून कधी हललीच नाही. तिचे वय आता चौऱ्याहत्तर आहे आणि स्वयंपाकघरातील मातीची चूल ती आजही स्वतः सारवते आणि स्वतः पेटवते.

चूल जुन्या पद्धतीची आहे. तिला पुढून एक तोंड असून शेजारी वैल, म्हणजे तिच्याच जाळावर तापणारी जोडचूल, आहे. धुराडे नाही, त्यामुळे धूर वर चढून कौलांच्या फटींतून बाहेर जातो आणि बराचसा घरातच राहतो. गेले दोन हिवाळे आईचा खोकला थांबलेला नाही. आम्ही गॅसची शेगडी आणली आहे आणि चहा व आमटी तिच्यावर होते. पण सिलिंडर आमच्या घरापर्यंत येत नाही, तो सडकेपासून डोक्यावर आणावा लागतो, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की सडकच चार-पाच दिवस बंद पडते. त्यामुळे लाकडावरची सोय पूर्णपणे मोडून टाकणे शहाणपणाचे वाटत नाही.

दुसरे कारण आईचे आहे, आणि ते मला खोडून काढता आलेले नाही. या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल येते, अंथरुणे दमट होतात, पापड-पिठांना बुरशी धरते. “चूल विझली की घर रडायला लागतं,” असे ती म्हणते. डिसेंबर-जानेवारीतील पहाटे इतकी थंडी असते की चुलीपुढे बसल्याशिवाय तिचे हात उघडत नाहीत. म्हणजे चुलीकडून आम्हाला स्वयंपाक हवा आहे, ऊब हवी आहे आणि आंघोळीचे पाणीही हवे आहे.

आहे त्याच चुलीला धुराडे बसवता येईल का, की ती मोडून नवी घालावी लागेल? घर ऊबदार आणि कोरडे ठेवण्यासाठी चूल खरोखर उपयोगी असते का? आणखी एक शंका आहे. शेजारचे एक जाणते गृहस्थ सांगतात की धुरामुळेच आमचे वासे आजवर टिकले आणि धूर बंद केला तर दहा वर्षांत त्यांना कीड लागेल. यात तथ्य आहे का? ज्यांनी स्वतः अशा घरात दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर : नाचणीची भाकरी

आपला प्रश्न वाचून माझ्या सासूबाई आठवल्या. मी लग्नानंतर एकवीस वर्षे चुलीवर स्वयंपाक केला आणि आजही गावी गेले की करते, म्हणून धुराड्याच्या आधी सरपणाविषयी लिहिते. चूल कितीही चांगली असली तरी ओल्या लाकडाने ती धुरकटणारच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरात जो धूर कोंडतो त्यातला निम्मा दोष ओल्या फाट्यांचा असतो.

ताज्या तोडलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. ते पाणी उकळून गेल्याशिवाय लाकूड नीट पेट घेत नाही आणि तोवर नुसते धुमसत राहते. चांगले वाळलेले लाकूड उचलताच हलके लागते, टोकांना चिरा पडलेल्या असतात आणि दोन फाटी एकमेकांवर आपटली तर खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. आमच्याकडे माघ-फाल्गुनात सरपण फोडून उन्हात टाकले जाई आणि वळवाच्या पहिल्या पावसाआधी पडवीत रचले जाई. ओंडके तसेच ठेवू नयेत, कारण सालीच्या आतले पाणी निघता निघत नाही. मनगटापेक्षा जाड फाटे असू नये. जमिनीवर थेट रचू नये, खाली दगड आणि आडवी लाकडे टाकून वीतभर उंच रचावे आणि मागच्या भिंतीपासून थोडे अंतर सोडावे, म्हणजे वारा खेळतो. उद्या लागणारे चार फाटे आदल्या रात्री चुलीच्या ऊबेला ठेवावेत, पण चूल सोडून निजायला जाताना ते दूर सारावेत. आमच्या वाडीत असेच शेकत ठेवलेले सरपण रात्री पेटून एक घर गेले होते.

जांभूळ, ऐन, बाभूळ यांचे जळण घट्ट असते आणि त्यांचे निखारे टिकतात. भाकरी फुगवायला आणि दूध तापवायला ते बरे पडते. आंब्याचे लाकूड लवकर पेटते आणि लवकर संपते. कण्हेर आणि बिब्बा यांची लाकडे चुलीत कधीही घालू नयेत. कण्हेरीचा धूर विषारी असतो आणि बिब्ब्याच्या धुराने अंगावर फोड येतात. रंग दिलेली जुनी दारे-खिडक्या, प्लायवुडचे तुकडे आणि चूल पेटवण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी, या तिन्ही गोष्टी हल्ली सर्रास दिसतात आणि तिन्ही घातक आहेत. पेटवायला वाळलेली झावळी, करवंटी किंवा पातळ ढलप्या पुरेत.

चुलीत एकदम चार लाकडे कोंबू नयेत. दोन असावीत, त्यांची टोके तेवढी जळत राहावीत आणि जळेल तसे पुढे सारावे. जाळ भांड्याच्या बुडाला लागला पाहिजे, भांड्याच्या बाजूने वर गेला तर तो वाया जातो. डाळ-तांदूळ आधी भिजत घालावेत आणि भांड्यावर झाकण असावे. भाताला एक चांगला कढ आला की ते भांडे पेंढ्याने ठासून भरलेल्या पेटीत झाकून ठेवावे, अर्ध्या तासात भात आपोआप मऊ होतो. माझ्या सासूबाई भांड्यांना बाहेरून राखमातीचे लेवण देत, त्यामुळे काजळी घासण्यात दिवस जात नसे.

आपल्या आईंना चूल सोडा असे मी सांगणार नाही. त्यांच्या हाताखाली चांगले सरपण असावे आणि धूर बाहेर जावा, एवढे आपण अवश्य पाहावे. सरपण आपल्याच जमिनीतले असले तरी उभे झाड तोडण्याआधी चौकशी करावी. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेला आहे आणि खाजगी जमिनीवरच्या वृक्षतोडीसही राज्यात १९६४ च्या अधिनियमाची बंधने आहेत.


उत्तर : ओळंबा

मी बांधकाम पर्यवेक्षक होतो आणि ऐंशीच्या दशकात निर्धूर चुली घालण्याच्या कामावर काही वर्षे होतो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ साली आवरता घेण्यात आला. देशभर तीन कोटींहून अधिक चुली घातल्या गेल्या, पण त्यांतल्या बऱ्याचशा दोन-तीन वर्षांत मोडून पडल्या किंवा लोकांनी पुन्हा साध्या केल्या. तसे का झाले हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून आपल्याला त्याच चुका टाळता याव्यात या हेतूने सविस्तर लिहितो.

आधी आपला मुख्य प्रश्न घेतो. चूल मोडण्याचे कारण नाही. आपल्या चुलीला वैल आहे, याचा अर्थ जाळ जाण्याचा मार्ग आधीच तयार आहे. मुख्य चुलीतून वैलाकडे जो बोगदा जातो तो वैलाच्या पलीकडे वाढवून धुराड्याच्या पायाशी नेऊन सोडायचा. म्हणजे जाळ पहिल्या भांड्याखालून जातो, उरलेली उष्णता वैलावरच्या भांड्याला मिळते आणि त्यानंतर धूर वर निघून जातो. बोगद्याचा व्यास आठ ते दहा सेंटिमीटर असावा. वैलाच्या खाली मातीचा एक उंचवटा करावा, म्हणजे तापलेला वायू सरळ पुढे न पळता भांड्याच्या बुडाला घासून जातो. हा उंचवटा पुष्कळ गवंडी विसरतात, आणि मग वैलावर पाणी कोमटसुद्धा होत नाही.

यात एक अट आहे आणि ती अवघड आहे. धुराड्याच्या चुलीवर भांडे भोकात घट्ट बसले पाहिजे. साध्या चुलीवर तीन थाने असतात आणि भांडे त्यांवर टेकते, त्यामुळे लहानमोठे कोणतेही भांडे चालते. निर्धूर चुलीवर तसे अंतर राहिले तर धूर तेथूनच बाहेर येतो आणि धुराडे नुसते नावाला उरते. आमच्या कामातली मोठी चूक हीच होती की भोकाचे माप आम्ही नकाशावरून ठरवले आणि घरातील बाईला तिची भांडी कोणती, हे विचारलेच नाही. आपण आईंची रोजची दोन भांडी आणि तवा शेजारी ठेवून मगच भोके पाडावीत आणि लहान भांड्यांसाठी लोखंडी कडी करून घ्यावीत.

आता धुराड्याकडे येतो. तापलेला वायू हलका असतो आणि तो वर चढताना मागून हवा ओढून घेतो. धुराडे जितके उंच आणि आतून जितके गरम, तितकी ओढ चांगली. म्हणून ते शक्यतो घराच्या आतून सरळ वर न्यावे. भिंतीबाहेर काढलेला नळ पावसाळ्यात थंडगार राहतो, ओढ बसत नाही आणि धूर उलटा घरात येतो. नळाचा व्यास दहा सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा. काटकोनातली वळणे टाळावीत आणि वळण द्यावेच लागले तर ते पंचेचाळीस अंशांचे असावे. कौलांबाहेर नळ निदान तीन फूट वर निघावा, आणि दहा फुटांच्या आत छपराचा जो भाग सर्वांत उंच असेल त्याच्याहीवर दोन फूट जावा. त्यापेक्षा आखूड ठेवला तर आपल्याकडचा पश्चिमेचा वारा आढ्यावरून खाली घसरतो आणि धूर नळातून परत ढकलतो. वर पावसासाठी टोपी हवी, पण टोपी आणि नळ यांच्यात वीतभर मोकळी जागा सोडावी.

नळ वाशांच्या जवळून जातो तेथे सर्वाधिक काळजी घ्यावी. एकेरी पत्र्याचा नळ लाकडापासून दीड फूट दूर असावा. तेवढी जागा नसेल तर नळाभोवती मोठ्या व्यासाचा दुसरा नळ घालून मधली पोकळी मोकळी ठेवावी आणि वासे कापून आडवी चौकट करून घ्यावी. सिमेंटचे जुने नळ वापरू नयेत, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असते.

धुराड्याच्या तळाशी काजळी काढण्यासाठी झाकणाचे दार ठेवावे. आमच्या चुली बंद पडण्याचे दुसरे कारण हेच होते की धुराडे तुंबले आणि ते साफ कसे करायचे हे कोणी दाखवून दिलेले नव्हते. ओडिशात काही वर्षे चाललेल्या एका अभ्यासातही हेच दिसले. सुधारित चुली दिल्यावर पहिल्या वर्षी श्वासातून जाणारा धूर कमी झाला आणि पुढे देखभाल सुटत गेली तसा फायदा नाहीसा झाला. रोज चूल पेटत असेल तर दर महिन्याला नळ झटकावा. ओले लाकूड जळत असेल तर नळाच्या आत डांबरासारखा चिकट थर बसतो, तो पेटला की नळ लालबुंद होतो आणि छपराला आग लागते. वरच्या बाईंनी वाळलेल्या सरपणाविषयी जे लिहिले आहे ते या कारणासाठीही महत्त्वाचे आहे.

जळणाचा हिशेबही मांडून देतो. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून भांड्यापर्यंत जेवढी उष्णता पोहोचते, तेवढ्यासाठी साध्या चुलीवर सुमारे अडीचशे किलो वाळके लाकूड लागते, कारण साध्या चुलीत दहातला जेमतेम एक भाग भांड्याला मिळतो. पंचवीस टक्के कार्यक्षमतेच्या चुलीवर तेच काम सुमारे शंभर किलोत होते. अडीचशे किलो म्हणजे डोक्यावरच्या दहा-बारा मोळ्या, आणि त्या आपल्या घरी कोण वाहून आणते हे आपण जाणताच.

आंघोळीच्या पाण्यासाठी चूल वापरूच नये, तांब्याचा बंब घ्यावा. बंबात मधल्या नळीत जाळ असतो आणि पाणी त्याच्या चारी बाजूंना असते, त्यामुळे उष्णता वाया जाण्यास वाव कमी राहतो. वीस लिटर पाणी अर्धा-पाऊण किलो ढलप्यांत आंघोळीजोगे होते. बंब न्हाणीघरात दार लावून पेटवू नये, तो पडवीत किंवा अंगणात ठेवावा.


उत्तर : श्वसनरोगतज्ज्ञ

मी पुण्यात फुफ्फुसांच्या आजारांवर उपचार करतो. आपल्या आईंसारख्या, आयुष्यात एकदाही विडी न ओढलेल्या आणि तरीही धूम्रपान करणाऱ्याइतकी फुफ्फुसे खराब झालेल्या स्त्रिया मी दर आठवड्याला पाहतो. म्हणून वरील दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

दोन हिवाळे टिकलेला खोकला हे थंडीचे लक्षण समजू नये. त्यांना स्पायरोमेट्री नावाची फुंकण्याची तपासणी करून घ्यावी. ती दहा-पंधरा मिनिटांत होते आणि श्वासनलिका किती अरुंद झाल्या आहेत ते त्यातून कळते. चढ चढताना दम लागतो का आणि सकाळी कफ पडतो का, हेही विचारावे. चुलीच्या धुराचा संबंध मोतीबिंदूशीही आहे, तेव्हा डोळेही तपासावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा अशी आहे की हवेतील अतिसूक्ष्म कण चोवीस तासांच्या सरासरीने एका घनमीटरमध्ये १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. भारताचे स्वतःचे मानक ६० आहे. धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. याच संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली.

धुराडे बसवल्याने धूर कमी होतो हे खरे आहे, पण तो आरोग्याला पुरेल इतका कमी होतो असे गृहीत धरू नये. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुली देऊन केलेल्या एका मोठ्या चाचणीत बाळांच्या श्वासातून आत जाणारा कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर आला, तीव्र न्यूमोनिया घटला, परंतु एकूण न्यूमोनियात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मलावीतील चाचणीत सुधारित चुलींमुळे मुलांचा न्यूमोनिया घटलाच नाही. तेव्हा माझा सल्ला असा की आईंचा रोजचा स्वयंपाक गॅसवर असावा, आणि चूल धुराड्यासह, अडचणीच्या दिवसांसाठी व ऊबेसाठी असावी. चूल पेटवताना आणि विझवताना सर्वांत अधिक धूर होतो, ती दोन्ही कामे आपण करावीत आणि जाळ स्वच्छ झाल्यावर आईंनी चुलीपाशी बसावे. फुंकणीने फुंकताना तोंड धुराच्या अगदी जवळ जाते, त्याऐवजी पंखा वापरावा. त्या नायलॉनची साडी नेसत असतील तर चुलीपाशी सुती नेसण्याचा आग्रह धरावा, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट सांगतो. थंडीत निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेले दार लावून निजण्याच्या खोलीत ठेवण्याची पद्धत घाटमाथ्यावर आहे. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निर्धोक वाटतात, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. डोके दुखणे, मळमळणे आणि एकाच वेळी घरातील सर्वांना तसे होणे ही त्याची खूण आहे. तसे झाले तर लगेच मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालयात न्यावे. ही पद्धत आपल्या घरी असेल तर ती आजच बंद करावी, एवढी माझी विनंती आहे.


उत्तर : बर्फाळ वाटा

माझे मूळ गाव सातारा जिल्ह्यात आहे आणि नोकरीनिमित्त मी अकरा वर्षे हिमाचलात काढली, म्हणून ऊबेच्या प्रश्नावर लिहितो. तेथे घरोघरी पत्र्याचा किंवा बिडाचा बंद चुला असतो. त्याला हिमाचलात तंदूर म्हणतात आणि काश्मीरकडे बुखारी. त्याला समोर झाकणाचे दार असते, हवा आत घेण्याची छोटी झडप असते आणि धूर नळाने थेट छपराबाहेर जातो. वर पाण्याचे भांडे ठेवतात आणि त्याच ठिकाणी पोळ्या भाजतात. थंडीत अख्खे कुटुंब त्या एका खोलीत बसते, जेवते आणि निजते. आपण यातून घ्यावे ते हेच की सगळे घर तापवण्याचा प्रयत्न करू नये.

कौलारू घरात ऊब टिकत नाही, कारण गरम हवा वर चढून फटींतून निघून जाते. आपण एक लहान खोली निवडावी, तिच्यावर लाकडी फळ्यांचा माळा घालावा आणि दाराखालच्या फटी बंद कराव्यात. मात्र एक खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी, कारण जाळाला हवा लागते आणि ती बाहेरून आली नाही तर नळाची ओढच मोडते. त्याच कारणाने स्वयंपाकघरात धूर ओढणारा विजेचा पंखा आणि धुराडे एकाच वेळी चालवू नयेत. पंखा जिंकतो आणि धूर नळातून खाली येतो.

ओलीविषयी आपल्या आई जे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. लाकूड पूर्ण कोरडे असले तरी जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. एक किलो लाकडातून सुमारे अर्धा लिटर पाणी वाफ होऊन निघते आणि लाकडातली ओल त्यावर वेगळी. धुराडे नसेल तर ही सगळी वाफ घरात राहते आणि थंड भिंतीवर जाऊन बसते. चुलीजवळची भिंत कोरडी होते आणि निजायच्या खोलीतली ओली होते, हा अनुभव आपल्याला असेल. धुराडे असेल तर वाफ बाहेर जाते आणि फक्त उष्णता आत राहते. गॅसचेही तसेच आहे. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन हवेत येते, म्हणून पावसाळ्यात गॅसवर स्वयंपाक करतानाही खिडकी उघडी ठेवावी.

ऊब साठवण्यासाठी पत्र्यापेक्षा दगड-माती बरी. पत्रा लगेच तापतो आणि लगेच निवतो. आपली मातीची जाड चूल तापायला वेळ घेते, स्वयंपाकाला हा तोटाच आहे, पण विझल्यावर तीन-चार तास ती ऊब देत राहते. डॉक्टरसाहेबांनी सुचवल्याप्रमाणे चूल मुख्यतः ऊबेसाठी ठेवायची असेल तर ती जाडच राहू द्यावी.


वेण्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांचे उत्तर मी आईला वाचून दाखवले. शेगडी खोलीत ठेवण्याची पद्धत आमच्याकडे होती, ती त्याच रात्रीपासून बंद केली. पुढच्या आठवड्यात साताऱ्यास जाऊन तिची फुंकण्याची तपासणी करणार आहोत. भोकांची मापे घेण्यासाठी तिची भांडी शेजारी मांडावीत, ही सूचना ऐकून मात्र ती प्रथमच चूल बदलण्यास राजी झाली आणि तिने स्वतःच एक पातेले व भाकरीचा तवा काढून दिला. वाशांच्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही, त्याचे उत्तर मिळाले तर बरे होईल.


ओळंबा

क्षमस्व, तो मुद्दा माझ्याकडून राहून गेला. आपल्या शेजाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. रोजच्या धुराने वाशांवर काजळीचा थर बसतो, लाकूड कोरडे राहते आणि पोरकिडा (लाकूड पोखरणारा किडा) व वाळवी त्यात सहसा शिरत नाहीत. निर्धूर चुली आल्यावर बांबूची छपरे लवकर पोखरली गेली, अशा तक्रारी आमच्याकडे येत असत आणि आम्ही त्यांना गांभीर्याने घेतले नाही, याची मला आजही खंत आहे.

यावर उपाय आहे. धुराडे बसवण्याआधी, येत्या उन्हाळ्याच्या सुरुवातीस, वाशांवरची काजळी घासून काढावी आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून त्याचे दोन हात ब्रशने द्यावेत. पहिला हात वाळल्यावर दुसरा द्यावा आणि सांध्यांत व वाशांच्या कापलेल्या टोकांत ते नीट मुरवावे. हे द्रावण पाण्याने धुपते, म्हणून ज्या ठिकाणी कौल गळते तेथे आधी कौल बदलावे. त्यावर जवसाच्या तेलाचा हात दिला तर अधिक टिकते. भिंतीत शिरलेल्या वाशाच्या टोकाला ओल लागू नये यासाठी तेथे मोकळी जागा सोडावी, कारण वाळवी बहुधा तेथूनच चढते. दर दिवाळीला पावसाळ्यानंतर एकदा सुरीचे टोक टोचून पाहावे. जेथे ते सहज आत जाईल तेथे खूण करून ठेवावी आणि तेवढा भाग उन्हाळ्यात बदलावा.

धुराड्याचे काम वळवाच्या आधी उरकावे, म्हणजे कौले उतरवलेली असताना पाऊस येणार नाही. नळ बसल्यावर पहिल्या दिवशी तळाचे दार उघडून त्यात कागदाचा एक पेटता बोळा ठेवावा आणि नळ तापला की मग चूल पेटवावी. ओढ बसली असेल तर चुलीच्या तोंडाशी धरलेल्या उदबत्तीचा धूर आत वळतो. ती उदबत्ती आईंनाच धरून पाहू द्यावी.